पंधराव्या सेकंदाची टिचकी

टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात तिने एकोणतीस वर्षं काढली. तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडसेट लावून. तिथे तिला सगळे हॅलोताई म्हणायचे, कारण सवयीने ती दार वाजलं तरी आतून "हॅलो" म्हणायची. पुढे नवराही कौतुकाने तेच म्हणू लागला आणि तिचं खरं नाव फक्त कागदपत्रांवर उरलं.

त्या खोलीत हॅलोताई एक गोष्ट पक्की शिकली. माणूस तक्रार सांगत नाही, राग सांगतो. "फोन बंद आहे" या तीन शब्दांमागे वीस तऱ्हेचे बिघाड असू शकतात. तिच्या शेजारच्या बायका तक्रार लिहून घ्यायच्या आणि फोन ठेवायच्या. ही विचारत बसायची. "बंद म्हणजे काय ऐकू येतंय? नुसती शांतता, खरखर, की भुंगा घोंघावतोय? काल संध्याकाळी चालू होता का? मग रात्रीत काय झालं? घरात सुतारकाम काढलंय का?" एवढ्यावरून तिला कळायचं, दोष खांबावरच्या तारेत आहे, माणसाच्या घरात आहे, की एक्स्चेंजमध्येच. लाइनमन म्हणायचे, हॅलोताई सांगेल त्याच खांबावर चढावं, बाकीच्या खांबांवर चढून फक्त गुडघे दुखतात.

ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नवऱ्याला, म्हणजे शाळेतल्या माजी चित्रकलेच्या मास्तरांना वाटलं, आता ही जरा निवांत बसेल. पण मुलीने आपला जुना लॅपटॉप आईला दिला आणि निवांतपणा संपला. मुलगी दुसऱ्या शहरात फिजिओथेरपिस्ट. तिने नवीन घेतला होता, आणि जुना एवढा मंद झाला होता की बटण दाबून आंघोळीला जावं, केस पुसत बाहेर यावं, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असे. दुकानदाराने तो हातातही घेतला नाही. "भंगारात टाका काकू," म्हणाला.

काकूंना राग आला. एक्स्चेंजमधली एक जुनी मैत्रीण म्हणाली, त्यात लिनक्स टाकून बघ. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवायचीच एक व्यवस्था, फुकट मिळणारी, जुन्या यंत्रांवरही हलकी चालणारी. फक्त तिच्यामागे कुठल्या कंपनीचा माणूस फोन घेऊन बसलेला नसतो. अडलं की वापरणाऱ्यांनी एकमेकांना विचारायचं. त्यासाठी इंटरनेटवर फोरम असतात, तिथे एकाने प्रश्न मांडायचा, ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं.

हॅलोताईने लिनक्स टाकलं. लॅपटॉप चहाचे चार घोट होईपर्यंत सुरू होऊ लागला, पण वायफाय लागेना. दोन दिवस तिने फोरमवर विचारून विचारून लोकांना भंडावून सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यातलं ते पंख्यासारखं चिन्ह उजळलं तेव्हा ती अशी काही ओरडली की शेजारीण लाटणं हातात घेऊन धावत आली.

त्यानंतर ती विचारायची थांबली आणि सांगायला लागली, फोरमवरही हॅलोताई याच नावाने. चार वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिचं टेबल, त्यावर लॅपटॉप, बाजूला आखीव रजिस्टर. सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चार ते सहा तिची ड्यूटी. कुणाचा प्रिंटर रुसलेला, कुणाचा पडदा काळा, कुणाचा माउस झोपेतून उठत नाही. मास्तर मागून डोकावून म्हणायचे, "एक्स्चेंज घरी आणलंस होय गं?" ती मान वर न करता म्हणायची, "अहो, तिथे पंखा नव्हता, इथे आहे. एवढाच फरक."

फोरमवर तिच्याखेरीज आणखी एक बडं प्रस्थ होतं. त्याने स्वतःचं नाव 'कर्नल' ठेवलं होतं. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि याला त्या गाभ्यातली खडान्‌खडा माहिती, म्हणून ते नाव. मास्तरांना मात्र बरेच दिवस वाटत होतं की तो सैन्यातला निवृत्त अधिकारी आहे. तसा समज व्हावा असंच तो लिहायचा. "लॉग जोडा," म्हणजे यंत्रात आपोआप होणारी कामाची नोंद पाठवा. "आधी शोधा, मग विचारा." "पुन्हा इन्स्टॉल करा." नवखी माणसं त्याचं उत्तर आलं की पुढे बोलायचीच नाहीत. माणूस हुशार होता यात वाद नाही, पण समोरचा घाबरलाय हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही.

एका मंगळवारी सकाळी हॅलोताईने फोरम उघडला तर आदल्या दिवशीचा एक प्रश्न दिसला. प्रश्न कसला, तुटक तुटक ओळी. 'माझा कॉम्प्युटर मुका झाला. मला दिसत नाही. कॉम्प्युटर वाचून दाखवतो ते ऐकून काम करतो. गुरुवारी अपडेट केलं. तेव्हापासून सुरू केल्यावर बोलतो, मग गप्प होतो. बंद करून चालू केला की परत बोलतो. आत्ता तो गप्प व्हायच्या आत घाईने लिहितोय. चुका माफ.'

खाली कर्नलचं उत्तर होतं. 'लॉग जोडा. एरर दिसते त्याचा स्क्रीनशॉट जोडा.'

हॅलोताईने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, ऐकलंत का? माणूस सांगतोय मला दिसत नाही. आणि हा त्याच्याकडे फोटो मागतोय!"

"कोर्ट मार्शल करा त्याचं," मास्तर आतून म्हणाले.

तिने फोरमवर काहीच लिहिलं नाही. त्या माणसाला थेट निरोप पाठवला: 'फोनवर बोलू या का? मी अकरापासून मोकळी आहे. तुम्हाला लिहावं लागणार नाही.' आणि आपला नंबर दिला. अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

समोरचा आवाज पन्नाशीतल्या माणसाचा, शांत, प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारणारा. तो पियानो ट्यून करायचा. शहरातल्या शाळा, सभागृहं, संगीत शिकवणाऱ्या बाया, सगळ्यांचे पियानो त्याच्याच हाताखालून जायचे. लहानपणी आजारात डोळे गेले. बहीण आणि मेहुणे यांच्याबरोबर राहत होता, पण ती दोघं दिवसभर कामावर. सोळा वर्षांपासून त्याने प्रत्येक पियानोची नोंद कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. कुठल्या वाद्याची कितवी तार सैल होते, कुठल्या खोलीत ओल आहे, कुठली पट्टी दाबली की परत वर यायला आळस करते.

"हॅलोताई, पुढच्या सोमवारपासून संगीत विद्यालयाच्या परीक्षा आहेत," तो म्हणाला. "चौदा पियानो. आणि माझी वही बोलत नाही."

"बहिणीला वाचून दाखवायला सांगता येणार नाही?"

"ती वाचेल हो. पण रोज संध्याकाळी दमून आल्यावर तिच्यापुढे किती दिवस बसू? शिवाय मेहुण्यांनी परस्पर ठरवलंय, रविवारी त्यांच्या ऑफिसातला माणूस येणार, हे सगळं पुसून दुसरंच काहीतरी टाकणार. मनाने चांगले आहेत ते. पण या कॉम्प्युटरचा रस्ता माझ्या बोटांना पाठ आहे. नवीन रस्ता शिकायला मला सहा महिने लागतील."

हॅलोताईने रजिस्टरचं कोरं पान उघडलं. वर तारीख घातली. "पियानोवाले, गुरुवारच्या आधी सगळं ठीक होतं? आणि गुरुवारी अपडेटशिवाय आणखी काही बदललं? नवीन वायर, नवीन खोका, टेबल हलवलं?"

"बहिणीने तिच्यासाठी मोठा पडदा आणून जोडला. त्याच दिवशी."

झालं! तिला वाटलं, सापडलं. नवीन पडदा जोडला की कधीकधी कॉम्प्युटर आवाज स्पीकरऐवजी त्या पडद्याकडे पाठवतो, आणि पडद्याला तोंडच नसतं. असे तीन रुग्ण तिने बरे केले होते. तिने त्याला पडद्याची वायर काढायला लावली. त्याने काढली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. तो बोलला, आणि थोड्या वेळाने पुन्हा गप्प झाला.

मग तिने आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून नव्याने चालू करायचा हुकूम फोनवरून सांगितला, एकेक अक्षर. त्याने तो टाईप केला. या खेपेस आवाज एका शब्दाच्या मध्येच तुटला.

"आता काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"आता तर काहीच म्हणत नाही," पियानोवाले म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्या दिवशी दोन तास गेले आणि हाती काही आलं नाही. फोन ठेवल्यावर तिने रजिस्टर मिटलं. मास्तरांनी चहा आणून ठेवला.

"नाही जमलं?"

"चुकलं माझं. पडद्याचं ऐकलं आणि उडीच मारली. एक्स्चेंजमध्ये असते तर मी स्वतःलाच ओरडले असते. अहो, मी त्याला काय ऐकू येतं ते विचारलंच नाही. ज्याचे कानच त्याचे डोळे आहेत, त्याला!"

बुधवारी अकराला तिने आपणहून फोन केला.

"पियानोवाले, आज आपण काहीच दुरुस्त करायचं नाही. आज नुसतं ऐकायचं. कॉम्प्युटर सुरू करा, त्याला चार शब्द बोलू द्या आणि मग कशालाही हात लावू नका. तो मरतो कधी, ते मला सांगा. आणि मरताना काय आवाज करतो, तेही."

त्याला ते करून बघायची गरजच पडली नाही.

"टिचकी वाजते," तो म्हणाला.

"काय?"

"स्पीकरमध्ये. अगदी बारीक टिचकी. शेवटचा शब्द संपला की पंधराव्या सेकंदाला. त्यानंतर तो बोलत नाही. मी शुक्रवारपासून ऐकतोय. म्हणून तर मी तेवढा वेळ जाऊच देत नाही. सारखी कुठलीतरी कळ दाबत राहतो, म्हणजे तो बडबडत राहतो आणि जिवंत राहतो. तुम्हाला लिहिलेला तो प्रश्नसुद्धा मी असाच लिहिला."

हॅलोताईच्या हातातलं पेन थांबलं. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही, ताई."

ती खुर्चीत ताठ बसली. टिचकी! एक्स्चेंजमध्ये माणसाने फोन ठेवला की तिच्या कानात अगदी तस्सा आवाज यायचा. रिले, म्हणजे लाइन धरून ठेवणारा विजेचा खटका, सुटायचा, लाइन मोकळी व्हायची. टिचकी म्हणजे काही बिघडत नसतं. काहीतरी सुटत असतं. काहीतरी काम संपलं असं समजून आडवं होत असतं.

"पियानोवाले, मला अर्धा तास द्या."

अर्ध्या तासात तिने फोरमची जुनी पानं पालथी घातली. कॉम्प्युटरमध्ये आवाजाची एक चिप असते. वीज वाचावी म्हणून काही काळ शांतता राहिली की तिला झोपवायची सोय असते. किती सेकंदांनी झोपवायचं, तो आकडा एका फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो शून्य असेल तर चिप कधीच झोपत नाही. गुरुवारच्या अपडेटने तो आकडा बदलला असेल, आणि या यंत्रातली चिप एकदा झोपली की उठतच नसेल, तर?

तिने पुन्हा फोन लावला. "आता मी सांगते ते लिहा. मध्ये थांबायचं नाही. तुम्ही टाईप करताय तोवर तो अक्षरं म्हणत राहील, म्हणजे जागा राहील." मग तिने हुकूम सांगायला सुरुवात केली. तिरकी रेघ, खालची रेघ, पुन्हा तिरकी रेघ. चाळीसएक अक्षरं होती. मागे कॉम्प्युटरचा नाकातून बोलल्यासारखा आवाज प्रत्येक अक्षर म्हणत होता. शेवटची कळ दाबल्यावर तो म्हणाला, "दहा."

"दहा?" हॅलोताईचा चेहरा पडला. "तुम्ही पंधरा म्हणालात."

"पंधराच आहेत. माझ्या मोजण्यात पाच सेकंदांची चूक होणार नाही."

ती त्यावर वाद घालणार नव्हती. जो माणूस दोन तारांमधला केसाएवढा फरक ऐकून पोट भरतो, त्याचे पाच सेकंद चुकतील हे शक्य नव्हतं. पण ते पाच कुठले, हे नंतर बघता येईल. आधी तो आकडा शून्य करून बघायचा.

इथे एक पेच होता. आकडा बदलायचा तर कॉम्प्युटर पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड टाईप करताना तो एकही अक्षर म्हणत नाही. गुपित राहावं म्हणून. म्हणजे पासवर्ड सुरू झाला की घड्याळ चालू. पंधरा सेकंदांत तो पूर्ण झाला नाही तर यंत्र पुन्हा मुकं.

"केवढा आहे पासवर्ड?" तिने विचारलं.

"सव्वीस अक्षरं."

"बापरे! कशाला एवढा?"

"एका रागीट बाईंनी आपल्या पियानोवर चिकटवलेली ताकीद आहे," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. मंगळवारपासून पहिल्यांदाच.

मास्तर येऊन दारात उभे राहिले. तिने हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली. फोनमधून कळांचा आवाज यायला लागला. टपटपटप, एका लयीत, कुठे अडखळणं नाही. मग एक जोरदार टप. आणि यंत्र म्हणालं, "शून्य."

"आता हात बाजूला घ्या," हॅलोताई म्हणाली. "आणि मोजा."

दोघं मोजत होती, ती ओठांतल्या ओठांत आणि तो मोठ्याने. दहा. बारा. चौदा. पंधरा. सोळा. तो वीसपर्यंत गेला आणि थांबला. तीसपर्यंत ती एकटीच मोजत राहिली.

"टिचकी?" तिने विचारलं.

"नाही."

"कळ दाबा."

त्याने कळ दाबली आणि यंत्र नाकातल्या आवाजात म्हणालं, "संगीत विद्यालय, खोली क्रमांक दोन, डावीकडून चौथी तार सैल."

पलीकडे पुन्हा एकदा तीच कळ वाजली, यंत्र पुन्हा बोललं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. हॅलोताईने मास्तरांकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले, गोल झाल्यावर पोरं करतात तसे. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पियानोवाल्यांनी विचारलं, "तिकडे कोण आहे?"

"प्रेक्षक," ती म्हणाली.

मग त्यांनी ते शून्य कायमचं लिहून टाकलं, म्हणजे कॉम्प्युटर बंद करून सुरू केला तरी ते टिकावं. रविवारी मेहुण्यांच्या ऑफिसातला माणूस आला, चहा प्यायला आणि परत गेला. सोमवारी परीक्षा सुरू झाल्या तेव्हा चौदाही पियानो सुरात होते.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण हॅलोताईच्या डोक्यात खांब होता. एका घरचा फोन सुरू केला म्हणजे काम झालं असं नाही. त्याच खांबावरून आणखी किती घरांत तारा गेल्यात, हे कोण बघणार? ज्याच्या ज्याच्या यंत्रात ही चिप असेल, त्याचा त्याचा आवाज त्या गुरुवारी गेला असणार. डोळस माणूस दुसरा उपाय शोधेल. ज्याला दिसत नाही त्याला तर प्रश्न विचारायचीही सोय राहिली नसेल.

तिने फोरमवर सगळं सविस्तर लिहिलं. तासाभरात कर्नल हजर. 'योगायोग असू शकतो. फाइलमध्ये दहा आहे, तुमचा माणूस पंधरा म्हणतो. आकडे जुळत नाहीत. अंदाजाने मोजलेले सेकंद हा पुरावा नव्हे.'

मास्तर वाचून तापले. "सरळ सुनाव त्याला!"

"नाही हो," ती म्हणाली. "बोलणं तुसडं आहे, पण मुद्दा बरोबर आहे. ते पाच सेकंद मलाही खुपतायत."

दोन दिवस तिने त्या पाच सेकंदांचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या दिवशी दुपारी उलगडा झाला. कॉम्प्युटरमध्ये आवाजाचं वाटप करणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. शेवटचा शब्द संपल्यावर तो स्वतः पाच सेकंद वाट पाहतो, मगच चिपला सोडतो. तिथून पुढे चिपचे दहा सुरू होतात. पाच आणि दहा, पंधरा. माणूस बरोबर होता, फाइलही बरोबर होती.

आता पुरावाच हवाय ना? तिने पियानोवाल्यांना फोन केला. "तुमच्याकडे मेट्रोनोम आहे?"

"ताई, न्हाव्याला वस्तरा आहे का विचारताय!"

मेट्रोनोम, म्हणजे ठेका धरणारं यंत्र, त्यांनी सेकंदाला एक ठोका असं लावलं. मग आकडा शून्याऐवजी चार केला. यंत्र नवव्या ठोक्याला गप्प झालं. पुन्हा सुरू केलं आणि दहा ठेवला, तर पंधराव्याला. वीस ठेवला, पंचविसाव्याला. शेवटी हॅलोताईने मुद्दाम अडनिडा आकडा काढला, तेहेतीस. अडतिसाव्या ठोक्याला टिचकी वाजली. या सगळ्याचं त्यांनी रेकॉर्डिंग केलं, त्यात ठोके स्वच्छ ऐकू येत होते, आणि कान देऊन ऐकलं तर टिचकीही. तिने ते फोरमवर टाकलं आणि खाली एकच ओळ लिहिली: 'हे आमचे सेकंद. मोजून घ्यावेत.'

कर्नलचं उत्तर त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर दर तासाला विचारायचे, "शरण आला का?" तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, आणि ते त्याच्या मानाने फारच लांब होतं.

'मोजले. चारही बरोबर. माझं म्हणणं मागे घेतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्याकडे मी स्क्रीनशॉट मागितला होता, हे काल पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. त्यांची माफी मागितली आहे. हा दोष फोरमवर ठेवून चालणार नाही, लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांपर्यंत जायला हवा. तिथे कसं लिहायचं ते मला माहीत आहे, काय लिहायचं ते तुम्हाला. मिळून लिहू या का?'

मिळून लिहिलं. इंग्रजीत, नऊ ओळी. हॅलोताईने पहिला मसुदा दोन पानांचा केला होता, कर्नलने त्याला कात्री लावली. पण 'झोपताना बारीक टिचकी ऐकू येते' हे वाक्य तो काढायला लागला तेव्हा ती अडून बसली. "तेच तर सगळं आहे," ती म्हणाली. वाक्य राहिलं.

रिपोर्ट गेला आणि आठवडाभर काही झालं नाही. मग कुठल्याशा दूरच्या देशातून एकाने लिहिलं, माझ्याकडेही हीच चिप, हीच टिचकी. मग दुसरा. मग एका शाळेतले शिक्षक, ज्यांच्या वर्गात अशी नऊ यंत्रं होती. महिनाभरात अकरा जण झाले, आणि अकरापैकी सात जणांनी लिहिलं होतं की आम्ही टिचकीच्या वाक्यावरून ओळखलं. शेवटी लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांपैकी एका बाईंनी उत्तर दिलं: या चिपला झोपवायचं नाही, अशा चिपांच्या यादीत आम्ही ती घालतो आहोत. बदल तपासून बघाल का?

अपडेट आलं त्या दिवशी सकाळी पियानोवाल्यांचा फोन अकराच्याही आधी आला. त्यांनी आपलं ते कायमचं शून्य पुसून टाकलं. आता त्यांच्या बाजूने कुठलीच तजवीज नव्हती. यंत्र नव्याने सुरू केलं, एक वाक्य बोलू दिलं, आणि मेट्रोनोम चालू केला. या खेपेस मास्तरही खुर्ची ओढून बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. पंधरावा ठोका पडला. सोळावा पडला. साठाव्या ठोक्याला पियानोवाल्यांनी कळ दाबली आणि ते यंत्र असं घडाघडा बोलायला लागलं की त्याला गप्प करायला दुसरी कळ शोधावी लागली.

"झालं ताई!" ते ओरडले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला तिने पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही-मी काहीही न करता झालं! आता हे सगळ्यांचंच झालं!"

त्या बदलाच्या नोंदीत खाली दोन ओळी होत्या. दोष कळवणारी म्हणून तिचं नाव, कागदपत्रांवरचं, पूर्ण. आणि तपासणारा म्हणून पियानोवाल्यांचं. मास्तरांनी त्या पानाची मोठी छापील प्रत काढली, स्वतःच्या हाताने चौकट केली आणि भिंतीवरचं आपलं सर्वात लाडकं निसर्गचित्र उतरवून तिथे ती लावली. मुलीने फोटो पाहून फोन केला. "आई, यातलं मला एक अक्षर कळलं नाही. पण माझ्या दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला दाखवून झालंय."

फोरमवाल्यांनी नवख्यांच्या प्रश्नांचा एक वेगळा विभाग काढून तो हॅलोताईच्या हाती दिला. तशी शिफारस कर्नलने केली होती. विभागाच्या दारावर तिने नियम लिहिला: इथे उत्तर देणाऱ्याने आधी निदान एक प्रश्न विचारायचा. स्वतः कर्नलला तो पाळताना नाकी नऊ आले, पण पाळला. पहिल्या आठवड्यात तो एका आजोबांना चक्क 'तुम्हाला बरं वाटतंय ना?' असं विचारताना दिसला.

एका गुरुवारी चारच्या ड्यूटीला तिने लॅपटॉप उघडला तर त्या विभागात एक निरोप होता. लिहिणारी बाई अनोळखी, कुठल्यातरी लांबच्या गावची, भाषांतर करून पोट भरणारी, जन्मापासून अंध. तिने लिहिलं होतं, 'चार महिने माझा कॉम्प्युटर गप्प होता. लोकांनी सांगितलं यंत्र जुनं झालं, टाकून द्या. आज अपडेट केलं आणि तो बोलला. कुणी केलं ते शोधत इथवर आले. उद्यापासून कामाला लागतेय.'

हॅलोताईने ते मनात वाचलं. मग उठली, आतल्या खोलीत मास्तर रंग कालवत बसले होते तिथे लॅपटॉप घेऊन गेली, आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यापाशी आवाज जरा हलला, म्हणून घसा खाकरून तिने ते पुन्हा, नीट, खणखणीत वाचलं.